गुणाची पोर

‘गुणाची आहे हो पोर!’ हे वाक्य आपण नेमकं कधी म्हणतो, याचा बायांनो, एकदा हिशेब मांडा. मुलीनं उलट प्रश्न विचारला तेव्हा म्हणतो का? भावाच्या ताटात दोन लाडू बघून ‘मला एकच का?’ म्हणाली तेव्हा? दाखवायच्या कार्यक्रमाला ‘मी बसणार नाही’ म्हणाली तेव्हा? नाही. पाहुणे आले आणि पुस्तक मिटून ती मुकाट्यानं चहा ठेवायला उठली, की म्हणतो. अंगात ताप असून भाकऱ्या थापल्या, की म्हणतो. सहलीला जायचं नाही असं सांगितल्यावर डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच जिरवलं, की तर हमखास म्हणतो. म्हणजे हे कौतुक गुणाचं नाही, गप्प बसण्याचं आहे. आणि कौतुक म्हणजे वाऱ्यावर सोडलेला शब्द नव्हे. ते समोरच्याला घडवतं. कसं घडवतं, हे मानसशास्त्रानं गेल्या सव्वाशे वर्षांत दाखवून दिलंय. आपण मात्र त्या घडवण्याला ‘संस्कार’ हे नाव देऊन मोकळ्या होतो. माझं भांडण आहे ते या नाव देण्याशी.

आधी शास्त्र काय म्हणतं ते सरळ सांगते. रशियात पीटर्सबर्गला इव्हान पावलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ पचनक्रियेचा अभ्यास करत होते. त्याच अभ्यासासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या ध्यानात आलं, की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायला दर वेळी अन्न समोर यावं लागत नाही. अन्नाच्या आधी एखादा ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानंही लाळ सुटते. ओसरीवर सासऱ्यांच्या चपला वाजल्या, की आपला हात आपसूक पदराकडे जातो ना? विचार नंतर येतो, हात आधी जातो. ते हेच.

त्याच सुमारास अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत कोंडून पाहिलं. धडपडता धडपडता एखाद्या मांजरीचा पंजा खटक्यावर पडे, दार उघडे आणि बाहेर खाणं मिळे. पुढच्या वेळी तिला तो खटका लवकर सापडे. ज्या कृतीनंतर सुख मिळतं ती कृती टिकते, हा नियम त्यांनी १८९८ साली मांडला. पुढे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरं घेऊन हाच धागा लांबवर नेला. पाठ्यपुस्तकात या सगळ्याला ‘अभिसंधान’ आणि ‘प्रबलन’ असे जड शब्द आहेत. आपल्या भाषेत पहिल्याला वळण म्हणा, दुसऱ्याला खतपाणी. ज्याला खतपाणी घालाल ते वाढेल. एवढंच आहे ते, आणि एवढं पुरेसं भयंकर आहे.

आता या शास्त्रातली एक गोष्ट आपल्या बहुतेकींच्या ध्यानात येत नाही. बक्षीस म्हणजे पेढाच असतो असं नाही. चालू असलेला त्रास थांबणं हेही बक्षीसच. नवरा आवाज चढवतो. बायको म्हणते, ‘असू दे, तुमचंच खरं.’ आवाज खाली येतो. या दोन मिनिटांत काय झालं? तो शिकला, की ओरडलं की काम होतं. ती शिकली, की मान खाली घातली की घर शांत होतं. दोघांनाही बक्षीस मिळालं, म्हणून दोघंही उद्या तेच करणार. आणि दाराआड उभी राहून सगळं बघणारी नऊ वर्षांची लेक तिसरंच शिकली: घरात शांतता राखायचं काम बाईचं. तिला हे कुणी पाटीवर लिहून दिलं नाही. तरी जन्मभर पुसलं जाणार नाही इतकं पक्कं बसलं.

दुसरी गोष्ट याहून बोचणारी आहे. स्किनर उंदरांना दांडी दाबली की खाऊची गोळी देत. त्या गोळ्या हातानं बनवाव्या लागत. एकदा साठा कमी पडतोय असं दिसल्यावर त्यांनी दर दाबण्याला गोळी देणं थांबवलं आणि मधूनमधून द्यायला सुरुवात केली. उंदीर दांडी दाबत राहिले. पुढे वर्षानुवर्षं प्रयोग करून हे पक्कं झालं, की दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीतरी, अवचित मिळणारं बक्षीस सवय जास्त चिवट करतं. दर वेळी मिळणारं बंद झालं, की प्राणी थोड्या वेळात नाद सोडतो. कधीतरीच मिळणारं बंद झालं, तरी तो आशेनं दाबतच राहतो.

वाचताना कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला? माझ्या समोर तर एकीचा नाही, आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचा आला. वर्षाचे तीनशे दिवस नवरा ताटाकडे न बघता जेवतो. एखाद्या दिवशी म्हणतो, ‘आज आमटी झक्क झालीय.’ तेवढ्या एका वाक्यावर ती पुढचे सहा महिने काढते. सासू वर्षातून एकदा चारचौघींत म्हणते, ‘आमची सून आहे म्हणून चाललंय.’ त्या एका दिवसासाठी ती बाकीचे दिवस सोसते. आपण या सोसण्याला सहनशीलता म्हणतो, पातिव्रत्य म्हणतो, कुळाची लाज म्हणतो. अगं, यातलं किती आपलं आणि किती त्या गोळीचं, हे कधी तपासून बघणार?

आणि भीती? तिचंही तसंच. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला. पांढऱ्या उंदराला तो मुलगा मुळीच भीत नव्हता. उंदीर जवळ आणला, की पाठीमागं लोखंडी कांबीवर हातोडा आपटायचा, असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं. काही दिवसांनी मूल नुसता उंदीर बघून रडायला लागलं. मग सशालाही भिऊ लागलं. ती भीती काढून टाकायच्या आतच मूल तिथून गेलं. आज कुठल्याही प्रयोगशाळेत हे करू देणार नाहीत. पण आपल्या घरांत हा हातोडा रोज आपटला जातो. ‘अंधार पडला, बाहेर गेलीस तर बघ.’ ‘जोरात हसलीस तर लोक काय म्हणतील.’ ‘मासिक पाळीत त्या खोलीकडं फिरकलीस तर घरावर काय येईल ठाऊक आहे?’ मुलीला वाटतं, ही भीती आपल्या स्वभावातच आहे. स्वभाव नाही तो, बायांनो. कांबीचा आवाज आहे.

याच गोष्टीचा दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या संशोधक बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. मूल आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, रोज थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी मूल सशाला हात लावू लागलं. भीती शिकवता येते तशी काढताही येते, हे त्यांनी करून दाखवलं. म्हणून वळणाच्या शास्त्राला मी वाईट म्हणत नाही. लेकराला शी-शू सांगायला शिकवणं, उशिरा बोलणाऱ्या मुलाला एकेका शब्दावर शाबासकी देत बोलतं करणं, वाहत्या रस्त्यावर हात धरायची सवय लावणं, यात वळणच लागतं. तिथं तत्त्वज्ञान सांगत बसू नये. पण मूल ‘का?’ विचारण्याइतकं मोठं झालं, की वळणाची हद्द संपते आणि समजावण्याचं काम सुरू होतं. आपण मुलांच्या बाबतीत ही हद्द थोडीफार पाळतो. मुलगी मात्र पंचवीस वर्षांची होऊन सासरी गेली, तरी तिच्या ‘का?’ला उत्तर नसतं. असतं ते ‘गुणाची पोर’ हे बक्षीस, नाहीतर ‘आगाऊ’ ही शिक्षा.

आता घरातून बस्तीत येऊ. इथं मला कुणी गप्प बसवू नये, कारण मी बाहेरून बोलत नाही. आमच्या बेळगाव भागातल्या बस्तीतल्या पाठशाळेतच मी णमोकार शिकले. पण अलीकडं पाठशाळांची रीत बघते तेव्हा जीव तुटतो. इतक्या गाथा पाठ केल्या की पेन. इतके दिवस रात्रीभोजनाचा त्याग केला की टिफिन डबा. दशलक्षण पर्वात उपवास केले की स्टेजवर सत्कार, चांदीची वाटी, गावभर मिरवणूक. हेतू चांगला आहे, मला ठाऊक आहे. मुलं यावीत, धर्माकडं वळावीत. पण मुलं कशाकडं वळतायत ते बघा.

एका गावी पर्वात गेले होते. अकरा वर्षांची एक मुलगी बस्तीच्या भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, तिसरा उपवास. जवळ बसून विचारलं, ‘कशासाठी करत्येस गं बाळ?’ म्हणाली, ‘पाच झाले की स्टेजवर बोलावतात. गेल्या वर्षी दीदीला बोलावलं होतं.’ तिची आई शेजारीच होती. कौतुकानं म्हणाली, ‘हट्टच धरलाय बघा तिनं. गुणाची आहे.’ वाढत्या वयाच्या लेकराला चक्कर येईस्तोवर उपाशी ठेवणं हा तपाचा विषय नाही, आईच्या काळजीचा आहे. पण तो मुद्दाही बाजूला ठेवू. त्या मुलीच्या मनात तप कुठं होतं? तिथं स्टेज होतं.

याही बाबतीत शास्त्र काही सांगतं. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल.’ काहींना न सांगता अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळेत कोण आपण होऊन चित्रं काढतंय ते लपून बघितलं. प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीच्या कामाला भाव लावला, की आवड कमी होते. ‘हे मला आवडतं म्हणून करतोय’ याच्या जागी ‘हे मला काहीतरी मिळतं म्हणून करतोय’ असं मूल स्वतःला समजावतं. मग मिळायचं थांबलं, की करायचंही थांबतं. कॉलेजात गेल्यावर मुलं बस्तीकडं फिरकत नाहीत म्हणून आपण मोबाइलला शिव्या देतो. आपणच तर त्यांना वाटीसाठी यायला शिकवलं!

आणि हे सांगायला अमेरिकेपर्यंत जायची गरजच काय होती? आपल्या आचार्यांनी ते केव्हाच सांगून ठेवलंय. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्यं, म्हणजे आत रुतलेले काटे. निदान म्हणजे व्रताच्या बदल्यात फळ मागणं. हे काटे काढल्याशिवाय कुणी खरा व्रती होत नाही, असं तत्त्वार्थसूत्रात आहे. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांमधलं दुसरं अंग निःकांक्षित, म्हणजे कशाचीही हाव न धरणं. आपण पाठशाळेत ही आठ अंगं पाठ करून घेतो, आणि पाठ झाली की पेन देतो! निःकांक्षित अंग म्हणून दाखवलं आणि वर बक्षीस घेतलं. यात विसंगती आहे असं एकाही पंचाला वाटू नये?

त्या अंगांच्या कथा तरी नीट वाचा. निःकांक्षित अंगाचं उदाहरण कुणाचं दिलंय? अनंतमतीचं. चंपानगरीतल्या श्रेष्ठीची लेक. वडिलांनी आठ दिवसांचं ब्रह्मचर्यव्रत घेतलं आणि गमतीगमतीत पोरीलाही दिलं. ती मोठी झाली, वडील लग्न ठरवू लागले, तेव्हा तिनं सांगितलं, की मला व्रत आहे. वडील म्हणाले, ती थट्टा होती. ती म्हणाली, धर्मात थट्टा कसली? पुढे तिला पळवून नेणाऱ्यांनी वैभवाची आमिषं दाखवली, धाक घातला, छळलं. ना ती गोळीला भुलली, ना हातोड्याला भ्याली. आणि अमूढदृष्टी अंगाचं उदाहरण कुणाचं? मथुरेच्या रेवती राणीचं. तिची परीक्षा बघायला आलेल्या क्षुल्लकानं नगराबाहेर एकेक देवाची रूपं घेतली, शेवटी तीर्थंकराचं समवसरणही उभं केलं. सगळं नगर बघायला धावलं. रेवती जागची हलली नाही. तीर्थंकर चोवीसच, हा पंचविसावा कुठून आला, असा तिचा साधा प्रश्न.

बघा, एकीनं वडिलांना नकार दिला. दुसरी सगळं गाव जातंय म्हणून गेली नाही. आजच्या आपल्या घरांत या दोघी असत्या तर आपण त्यांना ‘गुणाची पोर’ म्हटलं असतं का? एकीला हट्टी म्हटलं असतं, दुसरीला शिष्ट. आठांपैकी दोन अंगांवर बाईचं नाव आहे, आणि दोन्ही ठिकाणी तिचा गुण म्हणजे स्वतःच्या समजुतीवर उभं राहणं. आज्ञाधारकपणा नव्हे. मग संस्कार कशाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

कुणी म्हणेल, ‘बाई, तुमचं बोलणं ठीक, पण बक्षीस नसेल तर मुलं येणारच नाहीत. आणि मुली ऐकेनाशा झाल्या तर घरं मोडतील.’ पहिल्याचं उत्तर असं. सुरुवातीला मुलं कमी येतील, हे खरं. खाऊ बंद झाला की प्राणी आधी जास्त जोरात दांडी दाबतो, चिडतो, मग निवळतो. तो काळ काढावा लागतो. तेवढ्या काळात पाठशाळेत गोष्ट सांगा, वाद घालू द्या, ‘पाणी गाळून का प्यायचं?’ म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तळ्याच्या पाण्याचा थेंब दाखवा. त्या थेंबातला जीव एकदा डोळ्यांनी बघितलेल्या मुलाला पेन द्यावं लागत नाही.

दुसऱ्याचं उत्तर जास्त जपून देते. ज्या घरात ओरडण्यापुढं मान तुकवायची सवय आहे, तिथं बाईनं एक दिवस मान तुकवली नाही, तर ओरडणं आधी वाढेल. हे शास्त्रच सांगतं, म्हणून घाबरून लगेच माघार घेऊ नका. कारण त्या वाढलेल्या ओरडण्यापुढं नमलात, तर आणखी मोठ्यानं ओरडायचं शिक्षण दिलंत. मात्र जिथं हात उगारला जातो, तिथं हा प्रयोग एकटीनं करायचा नाही. माहेर, मैत्रीण, महिला मंडळ, गरज पडली तर पोलीस, कुणाला तरी बरोबर घेऊनच. आणि मंडळानं अशा वेळी ‘तुम्ही घरात बघा’ म्हणून दार लावून घेऊ नये. राहिलं घर मोडण्याचं. एकीच्या गप्प बसण्यावरच जे उभं आहे, ते घर आधीच मोडलेलं आहे. तिनं फक्त भिंत पाठीनं धरून ठेवलीय.

एक शेवटचा प्रयोग सांगते, आणि सांगताना वाईट वाटतं. १९६७ साली मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. काहींना ते थांबवता येत होते, काहींना काही केलं तरी थांबवता येत नव्हते. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, की मधला अडसर ओलांडला की सुटका. पहिल्या गटातले ओलांडून गेले. दुसऱ्यातले बरेचसे तिथंच कण्हत पडून राहिले. मुक्या जिवांचा असा छळ आपल्या अहिंसेला कधीच मान्य होणार नाही. पण त्यांनी सोसलेल्यातून निदान दोन गोष्टी तरी घेऊ या. पडून राहिलेल्या त्या कुत्र्यांना शेवटी दोरीनं ओढून, पुन्हा पुन्हा अडसरापलीकडं नेलं, तेव्हा कुठं ते आपण होऊन उडी मारायला लागले. आणि पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघा शास्त्रज्ञांनी आपलं मत बदलून सांगितलं, की हतबलता ही शिकलेली गोष्ट नाही. फार सोसलं की जीव आपसूकच हतबल होतो. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं काही बदलतं’ हे.

म्हणजे आपल्या पोरींना शिकवायचं ते हेच आहे. ‘तू म्हणालीस म्हणून बदललं’ असा अनुभव तिला घरात मिळू द्या. तिनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्या. ‘मला आज बरं नाही, भाकरी मी करणार नाही’ म्हणाली तर भावाला परातीपुढं बसवा. ‘नाही’ म्हटल्यावरही आईची माया कमी होत नाही, हे तिला एकदा दिसू द्या.

येत्या भाद्रपदात दशलक्षण येईल. पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत दहा दिवस. त्या दहा दिवसांत प्रत्येकीनं एक वही ठेवावी. मुलीला आणि सुनेला कधी ‘छान’ म्हटलं आणि कशासाठी म्हटलं, तेवढंच लिहावं. वही कुणाला दाखवायची नाही, तिला नंबर काढायचा नाही, चांदीची वाटी तर नाहीच. क्षमावाणीच्या दिवशी, सगळ्यांची क्षमा मागून झाल्यावर, ती वही उघडून आधी आपणच वाचावी. त्यात एका तरी पानावर ‘तिनं प्रश्न विचारला म्हणून’ असं लिहिलेलं सापडलं, तर ते पर्व लागी लागलं म्हणायचं.